सुधारलेला जबाब

चिचझरीच्या शाळेत गोपीचंद कापगते सरांचा एकच वैरी होता, आणि तो म्हणजे गाईड. दहावीच्या वर्गाला त्यांनी ‘माझे गाव’ या विषयावर परिच्छेद लिहायला सांगितला, तर चौतीसपैकी एकतीस पोरांनी लिहिलं, ‘माझे गाव निसर्गरम्य असून ते नदीच्या काठी वसलेले आहे.’ चिचझरीला नदी नाही. तलाव आहे, दीडशे वर्षांचा, आणि तोही कापगत्यांच्याच पूर्वजांनी बांधलेला. दोन मार्कांसाठी पोरांनी गावचा तलाव बुजवून तिथं नदी वाहती केली, हे पाहून सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्गातली होती नव्हती तेवढी गाईडं त्यांनी गोळा केली, कपाटात कोंबली आणि कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवसापासून रोज एक परिच्छेद सुरू झाला. सर कुडव्याहून रोज अडतीस किलोमीटर मोटारसायकल हाणत यायचे, कारण बायकोला पोरांच्या शिकवण्यांसाठी शहराजवळ राहायचं होतं. पण पहिल्या तासाला ते कधी पाच मिनिटं उशिरा आले नाहीत. फळ्यावर शब्द लिहायचे, मोहफूल, बिबट्या, एसटी, पानटपरी, आणि म्हणायचे, “परिच्छेद म्हणजे धानाची बांधी. एका बांधीत एकच पाणी. कशाची बांधी आहे ते पहिल्या वाक्यात सांगा. पुढची वाक्यं त्याच पाण्यावर वाढली पाहिजेत. विषयाबाहेरचं जे उगवेल ते तण. उपटा आणि धुऱ्यावर फेका.” पोरं असल्याच भातखाचरांत निंदायला जाणारी, त्यांना हे लगेच समजलं. माणूस मन लावून शिकवायचा, एवढं आधी कबूल करून टाकतो. पुढे जे सांगायचं आहे त्यात त्याच्याबद्दल चांगलं बोलायला फारशी जागा उरणार नाही.

वर्गात सगळ्यांत आधी शहाणी झाली ती दिव्या सलामे. वरच्या टोल्यावरची, म्हणजे जंगलाकडच्या वस्तीतली, गोंडाची पोर. घरी गोंडी, रस्त्यावर झाडीबोली, आणि वहीत मात्र सरांचं मराठी. जूनमध्ये ती एका परिच्छेदात आजा, कोंबडी, मोबाइलचा टॉवर आणि ताप असं सगळं एका दमात लिहायची. दिवाळीनंतर तिनं मोहफूल वेचण्यावर सहा वाक्यं लिहिली आणि सरांना त्यातला एक शब्द खोडावासा वाटला नाही. त्यांनी ती वही शिक्षकखोलीत सगळ्यांना दाखवली. गणिताचे बिसराम सर म्हणाले, “वा, पोरीनं नाव काढलं,” आणि गोपीचंद सरांना हे कौतुक आपलंच वाटलं.

तर ही दिव्या जानेवारीत एकदा मधल्या सुट्टीत चार पानं घेऊन आली. तिचा आजा पतिराम जंगलाच्या काठाला अडीच एकर कसत होता. कसत होता खरा, पण कागदावर ती जमीन वनखात्याची. वनहक्काचा दावा टाकायचा, तर सोबत जुन्या माणसाचा लेखी जबाब जोडायचा होता. आज्याला लिहिता येत नव्हतं. तो बोलत गेला आणि नात लिहीत गेली.

“सर, जरा सुधरून द्याल काय? साहेब लोक वाचतील ना.”

“ठेव. उद्या घेऊन जा,” सर म्हणाले. त्यांना बरं वाटलं. शिकवलेलं पहिल्यांदा परीक्षेबाहेर कामाला येत होतं.

शिक्षकखोलीत चहा पीत त्यांनी वाचायला घेतलं. पहिल्याच पानावर पतिरामच्या आईचं माहेर निघालं, मग एका रानडुकराची लांबलचक हकीकत. सरांनी हसत हसत लाल रेघा मारल्या. तण ते तणच. दुसऱ्या पानावर रेघ मधेच थांबली.

तिथं लिहिलं होतं: ‘आमची जमीन पयले खाली होती, तलावाच्या पाठीमागं. त्या साली शालीकराम पाटलानं मासोळी वाहून जाऊ नये म्हणून सलंगात पोते भरले. पानी आला तं पार फुटली. आमच्या बांधीत कमरेइतकी रेती बसली. दोन बैल गेले. साहेब आले, फोटो काढला, नावं लिहून नेली. मग आमी वर जंगलाच्या काठाला आलो आणि त्याच साली मी इथं पयला धान टाकला.’

शालीकराम पाटील म्हणजे सरांचे वडील.

सलंग म्हणजे तलावाचं जादा पाणी बाहेर जायला ठेवलेली मोकळी वाट. ती बुजवली तर पाणी पाळ, म्हणजे पतिरामची ‘पार’, फोडूनच निघणार, हे कोहळ्याच्या, म्हणजे तलाव बांधणाऱ्या जातीच्या, तान्ह्या लेकरालाही कळतं. आणि कळूनही त्या साली ती बुजवली होती. साल एकोणीसशे चौऱ्याण्णव, ऑगस्टचा दुसरा आठवडा. गोपीचंद तेव्हा सतरा वर्षांचा होता. मासोळीला चांगला भाव आला होता, बाप पुढं उभा राहून सांगत होता आणि पोरगा पोती वाहत होता. निम्मी पोती तर त्यानंच टाकली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी पाळ गेली आणि खालच्या अकरा घरांची शेती रेतीखाली गाडली गेली. पंचनाम्यात ‘अतिवृष्टी’ असं लिहिलं गेलं, कारण पंचनामा करणारे शालीकराम पाटलाच्याच ओसरीत जेवले होते. सलंगाचं नाव त्यानंतर गावात कोणी मोठ्यानं काढलं नाही. कोणत्या बांधीला आधी पाणी सुटणार हे अजूनही पाटीलच ठरवतात, मग कोण कशाला काढील?

सरांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. विषय काय, असं त्यांनी स्वतःला विचारलं. विषय जमीन. मग यात तलाव कुठून आला? मासोळी कुठून आली? बैलांचा काय संबंध? वर्गात दुसऱ्या कोणाची वही असती तर आपण हेच केलं असतं, असं त्यांनी स्वतःला पटवलं. माणूस स्वतःला काहीही पटवू शकतो, त्यात मास्तर असला तर दृष्टांत देऊन पटवतो. त्यांनी ती सात वाक्यं एका तिरक्या रेघेत काढून टाकली. ‘त्या साली’च्या जागी फक्त साल घालून बाकी काढता आलं असतं. ‘१९९४’ असे चार आकडे लिहायला कितीशी शाई लागते? पण चार आकडे घातले की कोणीतरी विचारणार, त्या साली असं काय झालं. म्हणून त्यांनी आकडेही घातले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दिव्याच्या हातात सुवाच्य अक्षरात एक परिच्छेद पडला:

‘मी पतिराम सलामे, राहणार चिचझरी. गावाच्या वरच्या बाजूस जंगलालगतची अडीच एकर जमीन मी कसतो. या जमिनीत मी दरवर्षी धान पिकवतो व त्यावर माझ्या कुटुंबाचा उदरनिर्वाह चालतो. ही जमीन पूर्वीपासून माझ्या ताब्यात आहे. तरी तिचा हक्क मला मिळावा, ही नम्र विनंती.’

दिव्यानं दोनदा वाचलं. “सर, पार फुटली थे काऊन काढलं? आजा म्हणत होता का थेच मेन हाये.”

“विषय काय आहे?”

“जमीन.”

“मग?”

नियम तिला सरांनीच शिकवला होता, आणि नियमाप्रमाणे सर बरोबर होते. “हो सर,” ती म्हणाली आणि ओशाळून हसली, जणू चूक तिचीच होती.

संध्याकाळी सरांनी मूळ चार पानं नव्हे, पण तो सुधारलेला परिच्छेद जिल्ह्यातल्या मराठी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘चार पानांचे पाच वाक्यांत रूपांतर. मुलांना हे जमते.’ त्रेपन्न जणांनी अंगठे दाखवले. बिरसीच्या एका बाईंनी ‘नमुना म्हणून वर्गात घेऊ का?’ असं विचारलं. घ्या म्हणाले.

दावा मार्चमध्ये परत आला. वर शेरा होता: ‘पूर्वीपासून म्हणजे केव्हापासून, हे जबाबावरून स्पष्ट होत नाही. प्रत्यक्ष सुनावणीत खात्री करावी.’

शेरा वाचून सरांचे कान गरम झाले. एखाद्या इन्स्पेक्टरनं वहीवर लाल रेघ ओढावी तसं झालं, आणि रेघ बरोबर जागी होती. दिव्या समोर उभी होती.

“आता काय कराचा सर?”

“काही नाही. सुनावणीत तोंडी सांगता येईल,” सर म्हणाले. कोण सांगणार, हे त्यांनी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. सर आहेत म्हटल्यावर होईल, असं तिला वाटलं.

वरच्या टोल्यावर पतिराम मात्र तयारीला लागला होता. सरांनी लिहून दिलेला कागद म्हणजे त्याच्या लेखी साधी गोष्ट नव्हती. जन्मात पहिल्यांदा त्याचं बोलणं शहाण्या माणसाच्या हातून धुऊन निघालं होतं. तो रोज सकाळी नातीला ती पाच वाक्यं म्हणायला लावायचा आणि मागून स्वतः म्हणायचा. बैलांमागं, मोहाखाली, अंघोळ करताना. ‘उदरनिर्वाह’ हा शब्द त्याच्या जिभेवर बसायला आठ दिवस लागले. पण बसला.

एप्रिलच्या एका गुरुवारी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. सकाळचे अकरा वाजले होते आणि पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. टेबलामागं तालुक्याहून आलेले साहेब बसले. तरुण होते, घामेजले होते, पण माणूस नेक दिसत होता. आधीचे दोन दावे त्यांनी शांतपणे ऐकून मार्गी लावले होते. सरपंच टेकचंद कागद पुढं करत होता. गावातलं जुनं माणूस म्हणून शालीकराम पाटलांना बोलावणं होतं. ऐंशी ओलांडलेले पाटील पुढच्या खुर्चीत काठीवर हात ठेवून बसले होते आणि गोपीचंद सर त्यांना घेऊन आले म्हणून शेजारच्या खुर्चीत. बाकी गाव सतरंजीवर.

पतिरामचं नाव पुकारलं. तो धुतलेला सदरा घालून उभा राहिला, हात जोडले आणि कोणी काही विचारायच्या आत सुरू झाला, “मी पतिराम सलामे, राहणार चिचझरी. गावाच्या वरच्या बाजूस जंगलालगतची...” एक शब्द चुकला नाही. ‘उदरनिर्वाह’ तर त्यानं असा खणखणीत म्हटला की मागं बसलेली पोरं फिसकन हसली. ‘नम्र विनंती’ला त्यानं मान झुकवली आणि सरांकडे पाहिलं, बरोबर आलं ना, असं विचारल्यासारखं. सरांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

“बाबा, हे माझ्याजवळ लिहून आहे,” साहेब म्हणाले. “मला एवढंच सांगा, ही जमीन तुम्ही केव्हापासून कसता? दोन हजार पाचच्या आधीपासून असेल, आणि त्या वेळची एखादी खूण असेल, एखादा सरकारी कागद असेल, तर मी आत्ता इथंच शिफारस लिहितो. मला नाही म्हणायची हौस नाही. केव्हापासून?”

“त्या साली...” पतिराम बोलायला लागला आणि त्याची नजर पुढच्या खुर्चीवर गेली. त्यानं गळ्यातला दुपट्टा काढून हातात घेतला. “साहेब, थे सरांनं काढून टाकलं. कामाचा नव्हता. आता सरच सांगतील.”

साहेब वळले. “तुम्ही लिहून दिलंत का? बरं झालं. सांगा सर.”

सर उभे राहिले. जे सांगायचं ते त्यांच्या डोक्यात पूर्ण तयार होतं, आणि फार चांगलं होतं. ऑगस्ट एकोणीसशे चौऱ्याण्णवमध्ये आमच्या तलावाची पाळ फुटली. पतिरामची शेती रेतीखाली गेली. त्याच वर्षी त्यानं वर जमीन काढली. त्या नुकसानीचा पंचनामा तहसीलमध्ये आहे, त्यात त्याचं नाव आहे. चार वाक्यं. बाजूला बाप पंख्याकडे बघत होता.

“फार जुनी गोष्ट आहे साहेब,” सर म्हणाले. “बरीच वर्षं झाली. म्हणजे... आधीपासूनच आहे.”

“आधीपासून म्हणजे?”

“तसं नक्की सांगता येणार नाही.”

“साहेब!” सतरंजीवरून आवाज आला. दिव्या उभी राहिली होती. “तलावाची पार फुटली त्या साली. खालची जमीन रेतीनं भरली म्हणून आजा वर आला. साहेब लोक आले होते, नावं लिहून नेली होती. मी लिवली होती साहेब, पयल्या कागदात होता थे.”

चाळिशीच्या वरचं तिथलं प्रत्येक माणूस त्या दिवशी पाळीवर उभं होतं, आणि त्यातल्या प्रत्येकाची बांधी तलावाखाली होती. टेकचंद कागद चाळायला लागला. कोणी सतरंजीचा धागा ओढत बसला.

“पाटील,” साहेबांनी पेन उघडून शालीकरामांना विचारलं, “तलावाची पाळ फुटली होती का? कोणत्या साली?”

“म्हातारा झालो साहेब. ध्यानात राहत नाही,” शालीकराम म्हणाले. “पानी तं दरसाली येते. कधी सांडते, कधी नाही सांडत.”

“सर? तुम्ही तर गावचेच.”

दिव्या सरांकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. बरोबर उत्तर दिलेल्या पोराच्या चेहऱ्यावर असतो तसा भरवसा होता. आता सर ‘शाबास’ म्हणतील आणि साल सांगतील, एवढंच बाकी होतं.

“ऐकीव आहे साहेब,” गोपीचंद सर म्हणाले. “मुलगी लहान आहे. घरात ऐकलेलं बोलते.”

साहेबांनी हॉलभर नजर फिरवली, कोणी काही बोलतं का ते बघितलं. मग त्यांनी खाली मान घालून लिहिलं. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायची पद्धत होती, तीही पाळली. ‘दावेदारास वहिवाटीचा काळ सांगता आला नाही. उपस्थितांपैकी कोणीही पुष्टी दिली नाही. दावा अमान्य करण्याची शिफारस.’ तीन वाक्यं होती, आणि त्यांत खोडण्यासारखं काहीच नव्हतं. पतिरामनं टेबलावरच्या शाईच्या डब्यात अंगठा बुडवला आणि साहेबांनी दाखवलेल्या जागी उमटवला.

बाहेर उन्हात सर वडिलांना मोटारसायकलवर बसवत होते, तेवढ्यात मागून पतिराम आला. त्याच्या मागं दिव्या. सरांना वाटलं, म्हातारा आता बोलणार. शिव्या देणार. द्याव्यात, असंही त्यांना वाटलं, आणि त्यांनी मान खाली घातली.

“सर,” पतिराम हात जोडून म्हणाला, “वाईट नोका वाटू देऊ. पोरगी नादान हाये. मोठ्या घरची गोष्ट चारचौघात काढाची नसते, एवढी अक्कल नाही तिले. मी तं नाही ना काढली? पाटील समोर बसले असताना मी कसा काढन?”

शालीकराम मागच्या सीटवरून म्हणाले, “चल रे गोपी, ऊन होऊन राहिला.”

“हिले शिकवा सर. तुमी शिकवाल तं सुधरन,” पतिराम म्हणाला, आणि नातीचा दंड धरून त्यानं तिला पुढं केलं. “लाग. सरांच्या पाया लाग. माफी माग.”

दिव्यानं सरांकडे बघितलं. त्या पोरीला काय विचारायचं होतं ते सरांना कळत होतं, आणि तिनं ते विचारू नये म्हणून ते मनातल्या मनात हात जोडत होते. तिनं विचारलं नाही. ती वाकली. तिचा हात त्यांच्या बुटाला लागला. “चुकलं सर,” ती म्हणाली.

सर मागं सरकले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“असू दे,” ते म्हणाले. “शिकून मोठी हो.”